सॉल्ट लेक सिटीच्या लायब्ररीतल्या मॅडमना

मॅडम,

तुम्हाला विचारलेलं नाही म्हणून नाव टाकत नाही. मराठी काही तुम्हाला वाचता यायचं नाही, पण मेलवर दोन ओळींचं थँक्यू पाठवून माझं समाधान झालेलं नाही, म्हणून हे.

विषय तसा आडवळणाचा. ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचा, मिशनरी 1852 साली मुंबईत आला, तिथून पुण्याला गेला आणि तिथे छोटीशी मंडळीही जमवली. जोसेफ स्मिथने न्यूयॉर्क राज्यात हे मॉर्मन चर्च काढलं 1830 मध्ये, म्हणजे बावीस वर्षांत गाडी पुण्यापर्यंत! आम्हा पुणेकरांना याचा पत्ताच नाही. मला एवढंच हवं होतं की त्या माणसाने इथे काय पाहिलं आणि काय लिहून ठेवलं.

इथल्या एका नावाजलेल्या लायब्ररीत गेलो तर गाइडचं पत्र आणा, त्यावर शिक्का आणा, शिक्का आणला तर साहेब रजेवर. वर काउंटरवरचे गृहस्थ म्हणतात, मॉर्मन म्हणजे ते चार-चार बायकावाले ना, त्यावर कसला अभ्यास करताय? (बहुपत्नीत्व चर्चने जाहीरपणे मान्य केलं तेही 1852 मध्येच, आणि 1890 मध्ये ते सोडल्याची घोषणा झाली, पण ऐकून कोण घेतंय.)

मग मॉर्मन चर्चच्या, म्हणजे तुमच्या, चर्च हिस्टरी लायब्ररीला मेल टाकला. तुम्ही धर्म विचारला नाही, कुणाचं पत्र मागितलं नाही. इंग्लंडमधून निघणाऱ्या 'मिलेनियल स्टार'मध्ये हिंदुस्थानातल्या मिशनऱ्यांची पत्रं छापून यायची, ते जुने अंक ऑनलाइन आहेत, प्रोव्होच्या ब्रिगॅम यंग युनिव्हर्सिटीने मिशनऱ्यांच्या डायऱ्या स्कॅन करून ठेवल्यात, सगळं सांगितलंत. इथवर ठीक, काम चोख केलंत.

पण मेलच्या शेवटी, सहीच्याही खाली, तुम्ही लिहिलं होतं की आमच्याकडचं वाचून थांबू नका, हे चर्चने जपलेलं आहे, बाहेरच्यांचं आणि सोडून गेलेल्यांचंही वाचा. आणि खाली पत्ते: युटा युनिव्हर्सिटीची मॅरियट लायब्ररी, कॅलिफोर्नियातली हंटिंग्टन, येलची बायनेकी. लोगनची युटा स्टेटही, जिथे लेनर्ड अ‍ॅरिंग्टनचे कागद आहेत. हा माणूस खुद्द चर्चचा अधिकृत इतिहासकार होता बरं का. शिवाय मिसूरीतल्या इंडिपेंडन्सचं कम्युनिटी ऑफ क्राइस्टचं अर्काइव्ह, म्हणजे जोसेफ स्मिथनंतर मॉर्मनांना युटात नेणाऱ्या ब्रिगॅम यंगच्या मागे जे गेलेच नाहीत त्यांचं.

पगार चर्चचा आणि मला सांगताय की आमच्या विरोधातलंही वाच! मी ती ओळ घरी मोठ्याने वाचून दाखवली. आई म्हणाली, भली बाई दिसते. आमच्याकडे एखाद्या संताबद्दल किंवा राजाबद्दल साधा प्रश्न विचारला तरी आधी आडनाव बघतात हो, कुठल्या बाजूचा आहे ते ठरवायला. कागद कुणाला दाखवायचा हे त्यावरून ठरतं. तुमच्यासारखी माणसं सगळीकडे असणार, इथेही असतील, फक्त काउंटरच्या पुढच्या बाजूला बसवत नाहीत वाटतं.

बाकी, डायरीतल्या त्या बारीक, तिरक्या अक्षरावर सध्या डोळे फोडतोय. एका पानावर गावाचं नाव अजिबात लागत नाहीये, किरकी वाटतंय पण खात्री नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, सोमवारी पाठवतो, जरा बघाल का?

तुमचा,
पुण्याचा एक वाचक