विमा प्रवाशाचा, टिक दुकानदाराची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चिपळूणला एस.टी. स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सातबारा, दाखले, परीक्षांचे अर्ज यांच्याबरोबर मी विमानाची तिकिटंही काढून देते. दिल्लीला मुलीकडे, मस्कतला मुलाकडे जाणारी माणसं नाव-वय सांगतात, आधार कार्ड पुढे करतात आणि पैसे मोजून मोकळी होतात. मॉनिटरचं तोंड माझ्याकडे असतं आणि बटण मीच दाबते. प्रवास विमा विकण्याचे जे नियम आहेत त्यात हा बटण दाबणारा तिसरा माणूस कुठेच नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी आमच्या आळीतल्या एका काकांचं आणि काकूंचं दिल्लीचं तिकीट मी काढलं. काका एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर, अँजिओप्लास्टी होऊन चार वर्षं झालेली. पेमेंटच्या आधी माणशी २४९ रुपयांचा विमा आला. मी विचारलं, "काका, विमा घ्यायचा का? तिकीट रद्द झालं तर उपयोगी पडेल." ते म्हणाले, "घे बाई, या वयात असलेला बरा." मी टिक केली. प्रवासाच्या पाच दिवस आधी त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना डेरवणला ॲडमिट करावं लागलं. तिकिटाचे जवळपास सगळे पैसे बुडाले आणि विमा कंपनीने आधीपासूनच्या आजाराचं कारण देऊन दावा नाकारला.

काका डिस्चार्ज कार्ड आणि पॉलिसी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुकानात आले. पॉलिसी अकरा पानांची, सगळी इंग्रजीत, आणि तिची प्रिंट मीच काढून दिलेली होती. "यात नक्की कुठे लिहिलंय ते दाखव," म्हणाले. शोधता शोधता नवव्या पानावर ते वाक्य सापडलं, अक्षर औषधाच्या पाकिटावर असतं तेवढं. मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. काका काही बोलले नाहीत, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. त्यांची अँजिओप्लास्टी अख्ख्या आळीला माहीत होती, मलाही होती. विमा विकणाऱ्या त्या पानावर मात्र आजाराबद्दल एकही प्रश्न नव्हता. "प्रवासी निरोगी असल्याचं आणि सर्व अटी मान्य असल्याचं मी जाहीर करतो" असं एकच वाक्य टिकच्या शेजारी होतं. ते जाहीर काकांनी केलं नव्हतं, मी केलं होतं.

नियम नाहीत असं नाही. पोर्टल आणि ॲपवर प्रवास विम्याचा पर्याय आधीच निवडून ठेवायचा नाही, हे विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्येच बजावलं होतं. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनवरच्या तेरा युक्त्या त्यात नावानिशी दिल्या आहेत. विमानाच्या तिकिटाबरोबर विमा आपोआप जोडणं हे त्यातलंच एक उदाहरण. विमा नको म्हणणाऱ्याच्या तोंडी 'मी असुरक्षित राहीन' अशा अर्थाचं वाक्य घालून त्याला ओशाळं करणं हेही उदाहरण तिथे आहे. तरीही अशी वाक्यं मला अजून दिसतात. होकाराचं बटण मोठं आणि रंगीत, नकाराची ओळ करड्या रंगात. नकार दिला की पुढच्या पानावर पुन्हा तोच प्रश्न.

पण समजा, हे सगळं उद्या थांबलं. तरी काकांचा प्रश्न सुटत नाही, कारण त्यांना कोणी फसवून विमा विकला नव्हता. त्यांनी स्वतःच 'घे' म्हटलं होतं. आपण काय घेतोय एवढंच त्यांना कळलं नव्हतं. नंतर चूक सुधारायची सोयही नाही. नवी आरोग्य पॉलिसी पटली नाही तर ती परत करायला ३० दिवस मिळतात, पण एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या पॉलिसीला ती सवलत नाही आणि प्रवास विमा तर चार-आठ दिवसांचा. आरोग्य विम्याचं सोपं माहितीपत्रक ग्राहकाने मागितलं तर स्थानिक भाषेत द्यायचं, असा नियम १ जानेवारी २०२४ पासून आहे. कायद्यात प्रवास विमा आरोग्य विम्याच्याच व्याख्येत बसतो. पण हे माहितीपत्रक पॉलिसीसोबत येतं, म्हणजे पैसे गेल्यावर. आणि ते मागता येतं हे माहीत असलेलं एकही गिऱ्हाईक मला आजवर भेटलेलं नाही.

विमा लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, हे मी काकांना सांगितलं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तिने दाद दिली नाही किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही तर लोकपाल. ते म्हणाले, "अकरा-बारा हजारांसाठी आता कुठे कागद नाचवू?" त्यांचं वय आणि तब्येत बघता मी आग्रह धरला नाही.

माझी विमा नियामकाकडे मागणी अशी आहे. तिकीट कोणीही काढो, विमा घेताना पैसे कापण्याआधी प्रवाशाच्या स्वतःच्या मोबाइलवर मराठीत (किंवा त्याच्या भाषेत) चार ओळींचा मेसेज गेला पाहिजे: हप्ता किती, कशाचे पैसे मिळतील, कशाचे मिळणार नाहीत. बीपी, शुगर, हृदयविकार आहे का, हा प्रश्न त्यातच विचारावा आणि त्याचं उत्तर प्रवाशानेच ओटीपी देऊन द्यावं. बँका शंभर रुपयांच्या व्यवहाराला ओटीपी पाठवतात. मग माणसाच्या आजाराबद्दलचं जाहीर निवेदन दुकानदाराच्या एका टिकवर का चालतं?

हे होईल तेव्हा होवो. दुकानात मी मॉनिटर फिरवून गिऱ्हाइकाकडे केला आहे. विम्याचं पान आलं की हात थांबवते, आजारपण विचारते आणि काय मिळणार नाही ते आधी वाचून दाखवते. शेजारी दोनशे पानी वही ठेवली आहे. तीत 'विमा हवा' किंवा 'विमा नको' हे ज्याचं त्याने लिहायचं आणि सही करायची. खेड, गुहागर, संगमेश्वरकडे माझ्यासारखी तिकिटं काढून देणारी बरीच दुकानं आहेत. त्यांनीही अशी वही ठेवावी, ही कळकळीची विनंती.

आपली वाचक,
झेरॉक्स व ऑनलाइन सेवा केंद्र चालक, चिपळूण (जि. रत्नागिरी)