गोळी मीच बंद करत होतो

संपादक महोदय,

माझा मुलगा चौथीत आहे. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अति चंचलपणाच्या विकाराचं, निदान झालं तेव्हा ‘आमच्या घरात वेडं कुणी नाही’ असं मी डॉक्टरांनाच सुनावलं. आईने त्याची दृष्ट काढली, मी पट्टा काढला. त्यावरच्या मिथाइलफेनिडेट या औषधाची गोळी बायको द्यायची. माझी ड्यूटी नसली की मी ती बंद करायचो. वर ‘औषधाचा काही उपयोग नाही’ म्हणायला मोकळा!

मुख्यतः अमेरिकेत अशा ५७९ मुलांवर १४ महिने झालेल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दरमहा देखरेखीखाली दिलेलं औषध नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरलं. देखरेख आमच्याकडे कुठली? आता गोळी दिली की कॅलेंडरवर रोज खूण करतो. मुलाच्या वहीत पाऊण पान तरी उतरतं.

निदानाच्या दिवशी डॉक्टरांनी आईबाप दोघांनाही समोर बसवावं. आमच्या वाट्याला पाच मिनिटं आली होती, तीही मी भांडण्यात घालवली.

– एक एसटी वाहक, सांगली