तिसऱ्या चढाईची वाट किती पाहायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयीन कबड्डी पाहणाऱ्यांच्या तोंडी हल्ली एकच तक्रार आहे: आपला संघ चढाई करतच नाही, चढाईचे सोंग करतो. गडी आत जातो, चढाईत ओलांडावीच लागणारी 'निदान रेषा' कशीबशी ओलांडतो, दोन पावले डावीकडे, दोन उजवीकडे, आणि वेळ संपता संपता मध्यरेषेवर परत. पुढची चढाईही तशीच. मग तिसरी, 'करो या मरो'ची. तीत गडी बाद झाला की बाकावरची मंडळी कपाळाला हात लावतात, जणू काही अघटित घडले. पाच गुणांनी आघाडीवर असलो तरी हेच आणि पाच गुणांनी मागे असलो तरी हेच. कडेला उभे असलेले लोक "अरे, आत जा ना!" म्हणून घसा कोरडा करतात. त्यात मुलांचा दोष फार थोडा आहे. चढाई कोणी, केव्हा आणि कशासाठी करायची हे बाकावरून ठरते आणि घोळ तिथेच आहे.

आधी साधे गणित. एक चढाई तीस सेकंदांची. वीस मिनिटांच्या डावात प्रत्येक चढाई पूर्ण वेळ खेळली तर दोन्ही संघांच्या मिळून ४० चढाया होतात, म्हणजे आपल्या वाट्याला २०. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाही तर गडी बाद आणि समोरच्याला एक गुण. आता 'दोन रिकाम्या, एक खरी' हा रतीब घातला तर २० पैकी फक्त सहा चढायांत आपण गुण मागायला जातो. त्यातल्या तीन जमल्या आणि तीन फसल्या तर तीन गुण मिळवले, तीन दिले. आख्ख्या डावाच्या आक्रमणाची बेरीज शून्य! वर तीन वेळा आपला चढाईपटू बाहेर बसला तो वेगळाच. रिकामी चढाई फुकट असते हा समज कुठून आला कळत नाही. तिची किंमत तिसऱ्या चढाईत चुकवावी लागते, एवढेच.

शिवाय ती तिसरी चढाई कशी असते पाहा. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा, आणि तिच्यापलीकडे अंतिम रेषेपर्यंत जेमतेम पावणेदोन मीटरची पट्टी. पहिल्या दोन चढायांत बचावाला थोडे पुढे यावेसे वाटते, कारण गडी परत जायच्या आत त्याला पकडायचे असते. पुढे आलेला बचावपटू म्हणजे हाताच्या किंवा लाथेच्या टप्प्यातला बचावपटू. तिसऱ्या चढाईत ही गरजच संपते. गडी आपणहून येणार हे सातही जणांना ठाऊक असते. ते मागच्या पट्टीत सरकतात, दोन्ही कोपरारक्षक कोपऱ्यात दबून बसतात, मध्यरक्षक साखळी धरून थांबतात. गडी बोनस रेषेपर्यंत ओढला गेला की परतायला पावणेपाच मीटर उरतात. एका उडीत ते अंतर कापणारा चढाईपटू महाविद्यालयीन पातळीवर कितीसा सापडणार? म्हणजे बचाव जेव्हा सर्वांत सावध आणि सर्वांत मागे असतो, नेमकी तीच वेळ आपण आक्रमणासाठी निवडून ठेवलेली असते.

यावर प्रशिक्षकांचे ठरलेले उत्तर असते की मोठे संघही असेच खेळतात. पुणेरी पलटणचे उदाहरण हमखास दिले जाते. मार्च २०२४मध्ये पलटणने प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचे विजेतेपद पटकावले तेव्हा अंतिम सामन्यात हरयाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात केली. गुणफलक लहान आहे, हे खरे. पण त्या संघाला धीर परवडत होता, कारण मागे मोहम्मदरेझा शादलूसारखा इराणी बचावपटू उभा होता आणि चढाईच्या आघाडीवर अस्लम इनामदार, मोहित गोयत आणि पंकज मोहिते असे तिघे होते. एक बाहेर बसला तर दुसरा तयार, आणि तिघांची धाटणी वेगळी. त्याच अंतिम सामन्यात मोहितेच्या एका अव्वल चढाईने (एकाच चढाईत तीन किंवा अधिक गुण) चार गुण आणले. दोन चढाया रिकाम्या सोडल्या तरी समोरच्याच्या चढाईवर पकड होणार ही खात्री असेल तर जरूर थांबावे. आमच्या संघांनी त्यातला फक्त थांबण्याचा भाग उचलला. ज्या संघाची पकड सामन्यात चार-पाचदाच बसते त्याने पलटणसारखा धीर धरणे म्हणजे खिशात दमडी नसताना सराफाच्या दुकानात घासाघीस करणे.

खरे तर चढाईचा हुकूम समोर किती गडी उभे आहेत यावरून निघायला हवा. आमच्याकडे तो घड्याळ पाहून निघतो.

समोर सात किंवा सहा असतील तर बोनस खुला असतो. एक पाय बोनस रेषेपलीकडे आणि दुसरा त्या क्षणी हवेत, एवढे जमले की गुण. तिसऱ्या चढाईतही बोनस चालतो, गडी टिपलाच पाहिजे असे नाही. पण बोनसने आपला बाद गडी उठत नाही, म्हणजे मैदानात परत येत नाही, हे बाकावर विसरले जाते. आपले चार बाहेर बसलेले असताना लागोपाठ दोन बोनस घेतले तर गुणफलक हलतो, मैदानात मात्र आपण तिघेच राहतो. तेव्हा स्पर्शाचाच गुण हवा. बोनसला जायचे तर बाजूही बदलायला हवी. एकाच बाजूने, एकाच पायाने दोनदा बोनस मागितला की तिसऱ्यांदा त्या बाजूचा कोपरारक्षक घोटा धरायला टपून बसलेला असतो. उजव्या हाताने शिरणाऱ्याची गाठ समोरच्याच्या डाव्या कोपऱ्याशी पडते. तो कोपरा भक्कम असेल तर पहिल्या पाच मिनिटांतच डावीकडून शिरणारा गडी पाठवून दुसरा कोपरा चाचपायला नको का? पण मुख्य चढाईपटूची बाजू ठरलेली, म्हणून संघाचीही बाजू ठरलेली. बाकीच्यांनी नुसता दम घालवून परत यायचे.

सर्वांत जास्त चीड येते ती समोर पाच किंवा चार गडी उरलेले असतानाच्या चढायांची. या वेळी बोनस बंद असतो, पण अव्वल पकडही (एकाऐवजी दोन गुण देणारी पकड) लागू नसते, कारण तिच्यासाठी बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी लागतात. म्हणजे पकडले गेलो तरी एकच गुण जातो. साखळीतली एखादी कडी निखळलेली असते, एखादा मध्यरक्षक एकटा पडलेला असतो, कोपऱ्याला मदत उशिरा पोचते. चढाईपटूला यापेक्षा चांगली संधी सामन्यात क्वचितच मिळते. इथे पहिल्या चढाईपासून तुटून पडायला हवे. आमचे संघ इथेही दोन चढाया वाया घालवतात. तेवढ्यात समोरच्याच्या दोन चढाया होतात, एखादा स्पर्श बसतो, त्यांचा गडी उठतो आणि चाराचे पाच, पाचाचे सहा होऊन बोनस पुन्हा खुला. आपण जवळ आणलेला लोण, म्हणजे समोरचा आख्खा संघ बाद केल्याचे जादा दोन गुण, आपणच लांब ढकलतो.

तीन किंवा कमी उरले की भीती रास्त आहे, हे मान्य. पकड झाली तर एकाऐवजी दोन गुण जातात. स्पर्श झाला तर एक मिळतो, फसला तर दोन द्यावे लागतात, म्हणजे नुसत्या गुणांच्या हिशेबात तीनपैकी दोनदा यश आले तरच बरोबरी. मग जायचे कशाला? तर लोणासाठी. दोन गडी उरले असतील तर ते दोन टिपल्याचे दोन आणि लोणाचे दोन, असे चार गुण समोर पडलेले असतात. मात्र तिथे खोल शिरणारा, अंगाने झोंबणारा गडी पाठवणे चूक. दोन्ही कडांच्या राखीव पट्ट्या वगळल्या तर आठ मीटर रुंदी तिघांना सांभाळायची असते, त्यामुळे फटी भरपूर असतात. वेगाने एका बाजूला खेचून दुसऱ्या बाजूला पळता हात मारणारा हलका गडी हवा, आणि तोही पहिल्या दहा सेकंदांत, ते तिघे आपापली जागा धरायच्या आत. तीस सेकंद नाचत बसले की त्या तिघांनाच दम खायला मिळतो.

आता क्रमाचा प्रश्न. बाद गडी ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने आत येतात. म्हणजे आपले दोघे आधीच बाहेर असताना मुख्य चढाईपटू बाद झाला, तर तो परत यायला समोरचे तीन गडी टिपावे किंवा पकडावे लागतात. आणि टिपणाराच तर बाहेर बसलेला! तरीही तिसरी चढाई आली की डोळे मिटून त्यालाच पाठवले जाते, समोर पूर्ण सातजण उभे असले तरी. रिकाम्या चढायांची मोजणी संघाची असते, गड्याची नसते. तेव्हा पहिली चढाई सुटण्यापूर्वीच तिसरी कोणाची हे ठरलेले असायला हवे. समोर सात असतील तर दुसऱ्या फळीतला, बोनसला चलाख असा गडी पाठवावा. तो गेला तरी कणा शाबूत राहतो. मुख्य चढाईपटूला पहिल्या आणि दुसऱ्या चढाईत मोकळे सोडावे, कारण तेव्हा त्याला न टिपताही परतता येते. जबरदस्ती नसलेल्या चढाईतच चांगला चढाईपटू जास्त घातक असतो. आमच्याकडे नेमके उलटे होते: फिरायला हवशे-नवशे आणि मरायला राजा.

शेवटच्या पाच मिनिटांचा हिशेब तर वहीच्या कोपऱ्यात मावेल एवढा आहे. प्रत्येकाने पूर्ण वेळ खाल्ला तर पाच मिनिटांत दहा चढाया होतात, त्यातल्या आपल्या पाच. दोन रिकाम्या, तिसरी खरी, पुन्हा दोन रिकाम्या. पाच गुणांनी मागे असलेला संघ गुणासाठी एकदाच जाणार! आघाडीवर असताना वेळ खाणे शहाणपणाचे आहे, त्याबद्दल कोणी तक्रार करणार नाही. पण तिथेही शेवटच्या तीन मिनिटांत आपल्या तीन चढाया येतात आणि तिसरी 'करो या मरो'ची असते. तिच्यासाठी ताजा राखीव गडी आधीच उतरवलेला असावा. आघाडी एक-दोन गुणांचीच असेल तर रिकाम्या चढायांवर विसंबणे धोक्याचे, कारण ती तिसरी चढाई फसली की सामना बरोबरीत येतो किंवा बरोबरीच्या काठावर.

आक्रमण एका-दोघांवर टांगून ठेवले की काय होते, हे सगळ्या देशाने २०१८मध्ये जकार्ता आशियाई स्पर्धेत पाहिले. १९९०पासून सलग सात सुवर्णपदके जिंकलेल्या भारतीय पुरुष संघाला उपांत्य फेरीत इराणने २७-१८ असे हरवले. एवढे नावाजलेले चढाईपटू असूनही संपूर्ण सामन्यात अठराच गुण. याउलट त्याच वर्षी जानेवारीत हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असे हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद परत आणले होते. चढाईची अक्कल या मातीला परकी आहे असे कोणी म्हणू नये.

सुधारणा करायला पैसे लागत नाहीत, एक वही पुरते. प्रत्येक चढाईपुढे पाच गोष्टी लिहाव्यात: समोर किती गडी होते, कोण गेला, कोणत्या बाजूने शिरला, साधारण किती सेकंद लागले, काय हाती लागले. चार सामन्यांची वही चाळली की पाच-चार गड्यांसमोर किती चढाया वाया गेल्या हे प्रशिक्षकांना स्वतःच दिसेल. सरावातही सातांसमोर उगाच घिरट्या घालण्यापेक्षा चढाया तीन प्रकारांत वाटून घ्याव्यात: सात गडी, पाच गडी, तीन गडी. आणि तिसऱ्या चढाईचा सराव बचावाला 'ही तिसरी आहे' असे सांगूनच घ्यावा. सामन्यात त्यांना ते माहीत असतेच, मग सरावात लपवून काय साधणार? एखाद्या दिवशी शिट्टीपासून दहा सेकंदांत गुण घ्यायचा किंवा परत यायचे, एवढाच नियम ठेवून पाहावा. पहिल्या दिवशी धांदल उडेल, गडी भराभर बाद होतील. होऊ द्यावेत, सराव त्यासाठीच असतो.

आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवड शिबिरे भरतात तेव्हा निवड समितीने मुलांच्या उड्या आणि उंचीबरोबर ही वहीही मागावी, आणि संघाबरोबर जाणाऱ्या प्रशिक्षकांनी दुसऱ्या व तिसऱ्या चढाईचा गडी सामन्याआधी कागदावर लिहून कर्णधाराच्या हाती द्यावा, एवढी विनंती आपल्या पत्रामार्फत संबंधितांपर्यंत पोचावी.

आपले,
काही कबड्डीप्रेमी वाचक,
पेण, जि. रायगड