शिवणकाम हा छंद नव्हता
रविवारच्या पुरवणीतला न्यूयॉर्कच्या इटालियन शिलाईवाल्या आजीवरचा लेख वाचला, छान आहे, पण तिचं शिवणकाम म्हणजे जणू छंदच असं लिहिलंय ते काही पटलं नाही. तिकडे आलेल्या इटालियन बायका चाळवजा इमारतींतल्या कोंदट खोल्यांत पँटींना हातशिलाई करायच्या, पैसे नगावर, आणि पोरंही मदतीला बसायची. बरं, फॅक्टरीत जावं तर २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्याच ट्रायँगल शर्टवेस्ट या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या फॅक्टरीला आग लागली, नवव्या मजल्यावरचा जिन्याचा दरवाजा कुलूपबंद, १४६ जण गेले, त्यात बहुतेक ज्यू आणि इटालियन तरुण मुली. आजीच्या सॉसची रेसिपी अर्धा कॉलम (तीही लसणाशिवाय!) आणि मजुरीबद्दल एक ओळ नाही? नगामागे तिला किती मिळायचे, तेवढं तरी छापा.
— एक वाचक, डोंबिवली