खालच्या कोर्टातला न्यायाधीश : मित्रास पत्र

प्रिय सुहास,

तुझं पत्र परवा मिळालं. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर म्हणून तुझी निवड झाली याचा मनापासून आनंद झाला. पण तू शेवटी लिहिलेलं वाक्य डोक्यातून जात नाही. ‘तालुक्याच्या कोर्टात बांधाचे दावे आणि चेकच्या केसेस चालवत आयुष्य घालवायचं, की औरंगाबादच्या खंडपीठात वकिली चालू ठेवायची? खरा कायदा तर वरच ठरतो.’ फोनवर याचं उत्तर देता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

तुला फ्रँक जॉन्सनबद्दल सांगायचं आहे. अमेरिकेत केंद्राची न्यायालयं आणि राज्यांची न्यायालयं वेगवेगळी असतात. केंद्राच्या उतरंडीत साक्षीपुरावे जिथे होतात ते डिस्ट्रिक्ट कोर्ट. जॉन्सन अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीला अशा कोर्टात १९५५ पासून १९७९ पर्यंत बसला. जन्म १९१८ चा, उत्तर अलाबामातल्या विन्स्टन काउंटीतला. तो डोंगराळ मुलूख. यादवी युद्धाच्या वेळी तिथल्या शेतकऱ्यांनी राज्याने फुटून निघायला विरोध केला होता. दुसऱ्या महायुद्धात तो नॉर्मंडीला लढला, जखमी झाला, परत येऊन वकिली केली, मग सरकारी वकील झाला. ऑक्टोबर १९५५ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवरने त्याला न्यायाधीश नेमलं. १ डिसेंबरला त्याच शहरात रोझा पार्क्स या काळ्या बाईला, गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही म्हणून अटक झाली आणि काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. नव्या खुर्चीची सवय व्हायलाही वेळ मिळाला नाही त्याला.

बसचा दावा पार्क्सच्या नावाने नव्हता. तो चार बायकांनी लावला होता : ऑरेलिया ब्राउडर, सूसी मॅकडोनाल्ड, क्लॉडेट कॉल्व्हिन आणि मेरी लुईस स्मिथ. बसमध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणारा राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवायची मागणी असल्यामुळे तीन न्यायाधीश बसले, त्यांत जॉन्सन सर्वांत नवा. मे १९५६ मध्ये साक्षी झाल्या. कॉल्व्हिनला अटक झाली तेव्हा ती १५ वर्षांची शाळकरी मुलगी होती. उलटतपासात शहराच्या वकिलाने ‘तुमचा पुढारी कोण?’ असं विचारून बहिष्कारामागे मार्टिन ल्यूथर किंग आहे असं तिच्या तोंडून वदवून घ्यायचा प्रयत्न केला. तिने सांगितलं, आमचे पुढारी आम्हीच. सुहास, ही साक्ष कुणासमोर झाली? वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात बसणाऱ्या नऊ जणांसमोर नाही. ५ जूनला दोन विरुद्ध एक असा निकाल लागला, कायदा घटनाबाह्य ठरला. जॉन्सन आणि रिचर्ड राइव्ह्ज एका बाजूला, सीबर्न लिन विरोधात. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये तो कायम केला, तोही अगदी छोट्या आदेशाने. जे ठरायचं ते खाली ठरून गेलं होतं.

याची किंमत त्याने लगेच मोजायला सुरुवात केली. घरासमोर क्रूस जाळला गेला. धमक्यांची पत्रं, रात्रीअपरात्री फोन. शहरातल्या गोऱ्या प्रतिष्ठितांनी येणंजाणं तोडलं. १९६७ मध्ये त्याच्या आईच्या घरी बॉम्बस्फोट झाला, ती माउली वाचली. पण गव्हर्नरला त्याच्या नोकरीच्या केसाला धक्का लावता येत नव्हता, कारण केंद्राच्या न्यायाधीशाची नेमणूक तहहयात असते आणि महाभियोगाशिवाय त्याला काढता येत नाही. तुझ्यामाझ्या व्यवस्थेत दर काही वर्षांनी बदली आहे, हे मी विसरलेलो नाही.

गव्हर्नर म्हणजे जॉर्ज वॉलेस, जॉन्सनचा लॉ कॉलेजातला वर्गमित्र. वॉलेस राज्याच्या कोर्टात सर्किट जज असताना, १९५९ च्या सुरुवातीला, केंद्राच्या नागरी हक्क आयोगाला मतदार नोंदणीची कागदपत्रं देईना. जॉन्सनने हुकूम काढला. वॉलेस रात्री त्याच्या घरी येऊन गेला. पुढे त्याने ती कागदपत्रं स्वतः न देता ग्रँड ज्यूरीमार्फत (म्हणजे आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळामार्फत) आयोगाकडे पोचवली आणि बाहेर मात्र आपण केंद्राशी टक्कर दिली असा डंका पिटला. जॉन्सनने त्याला अवमानातून मोकळं केलं, पण निकालात स्पष्ट लिहिलं की यांनी आडमार्गाने का होईना, हुकूम पाळलेला आहे. तुरुंगात जाऊन हुतात्मा व्हायची संधीच त्याने वॉलेसला ठेवली नाही. मला हा निकाल फार आवडतो. राग, मैत्री, राजकारण सगळं बाजूला ठेवून घडलं काय एवढंच त्यात नोंदवलेलं आहे.

सेल्माचं तुला माहीत आहे. काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून माँटगोमेरीला निघालेल्या मोर्चेकऱ्यांना ७ मार्च १९६५ ला पुलावर पोलिसांनी झोडपलं. लोकांना वाटलं, जॉन्सन लगेच मोर्चाला परवानगी देईल. त्याने उलट सुनावणी होईपर्यंत मोर्चालाच मनाई केली. चळवळीतली माणसं चिडली. मला मात्र त्याचं तेच बरोबर वाटतं. एका बाजूचं ऐकून हुकूम दिला असता तर तो टिकला नसता. मग त्याने काही दिवस साक्षी घेतल्या, मारहाणीची फिल्म कोर्टात लावून पाहिली आणि १७ मार्चला निकाल दिला. त्याचा गाभा असा, की रस्त्यावरून मोर्चा काढण्याचा हक्क किती मोठा, ते ज्या अन्यायाविरुद्ध मोर्चा आहे त्याच्या आकारावरून ठरावं, आणि इथे अन्याय प्रचंड आहे. पण त्याच हुकुमात बारीक अटीही होत्या. ५४ मैलांच्या वाटेत जिथे रस्ता दुपदरी आहे तिथे ३०० पेक्षा जास्त माणसं चालायची नाहीत. रोजनाम्याची शिस्त अंगात मुरलेला माणूसच असा हुकूम लिहितो.

तो चुकलाही. टस्कीगीतल्या काळ्या मतदारांना शहराबाहेर काढायला सरळ चौकोनी हद्द २८ बाजूंची केली होती. तो दावा त्याने फेटाळला, कारण हद्दी आखणं हा विधिमंडळाचा अधिकार असं जुने निवाडे सांगत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये ते एकमताने फिरवलं. म्हणजे तो मनाला येईल तसे निकाल देणारा नव्हता.

आता ज्या कामासाठी मी त्याला सर्वांत जास्त मानतो ते सांगतो. टस्कलूसाला ब्राइस नावाचं मनोरुग्णालय होतं, पाच हजारांहून जास्त रुग्णांचं. १९७० मध्ये पैसे नाहीत म्हणून तिथले कर्मचारी कमी केले. कर्मचारी आणि एका तरुण रुग्णाचे पालक कोर्टात आले. मूळ तक्रार नोकरीची. जॉन्सनने पाहिलं की ज्यांना उपचारासाठी म्हणून सक्तीने डांबलंय त्यांना उपचारच मिळत नाहीत. १९७१ मध्ये त्याने सांगितलं, उपचार मिळणं हा त्यांचा घटनात्मक हक्क आहे. एवढ्यावर थांबून टाळ्या घेता आल्या असत्या. पण सरकार हलेना, तेव्हा १९७२ मध्ये त्याने तज्ज्ञांच्या साक्षी घेऊन परिशिष्टच जोडलं. आठ रुग्णांमागे एक संडास, पंधरांमागे एक न्हाणी, एका खोलीत सहापेक्षा जास्त माणसं नाहीत, नळाला पाणी किती गरम यायचं, खोलीचं तापमान किती ठेवायचं, किती रुग्णांमागे किती परिचारिका. ‘मानवी प्रतिष्ठा’ म्हणायला कुणाचीच हरकत नसते, पण आठांमागे एक संडास म्हटलं की अंदाजपत्रकात तरतूद करावी लागते. वायट विरुद्ध स्टिकनी या नावाने ते प्रकरण २००३ पर्यंत चाललं, जॉन्सन वारल्यानंतरही.

त्याच्यात आणि तुझ्यात एक मोठा फरक आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तो खालच्या कोर्टात बसून कायदा घटनाबाह्य ठरवू शकत होता. तुझ्यासमोर तसा प्रश्न आला तर तुला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ खाली तो उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागेल. पण बांधाच्या दाव्यातली म्हातारी पिंजऱ्यात उभी राहून काय म्हणाली, तलाठ्याने नोंद कधी फिरवली, समन्स खरंच बजावलं का, हे वरच्यांना कधी दिसणार नाही. त्यांच्यासमोर जाईल ती तू नोंदवलेली जबानी. तू जे लिहून घेतलं नाहीस ते वर पोचणारच नाही.

शेवटचं एक प्रकरण सांगतो. माँटगोमेरीच्या हवाई तळावर शॅरन फ्राँटिएरो नावाची लेफ्टनंट होती. पुरुष अधिकाऱ्याला बायकोसाठी भत्ता आपोआप मिळे. तिला मात्र नवरा निम्म्याहून जास्त आपल्यावर अवलंबून आहे हे सिद्ध करायला सांगितलं. १९७२ मध्ये ती दोन विरुद्ध एक अशी हरली. विरोधी मत जॉन्सनचं, आणि या वेळी पलीकडे होते बसच्या खटल्यातले त्याचे सोबती राइव्ह्ज. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात ती आठ विरुद्ध एक अशी जिंकली.

वायटचं निकालपत्र परिशिष्टासकट वेगळ्या पाकिटात पाठवतो आहे. आधी परिशिष्ट वाच, मग निकालपत्र. रुजू व्हायची मुदत कधी संपते ते कळव. त्याआधी मी येऊन जातो, सविस्तर बोलू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश