धीर देताना 'सगळं चांगलं होईल' एवढंच सांगू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अवकाळी पावसाने आंब्याचं नुकसान झाल्याची बातमी आणि तिच्या शेजारीच 'सकारात्मक विचार करा, सगळं चांगलं होईल' असा सल्ला देणारा मजकूर आपल्या अंकात वाचला. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे. पण देवगड तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून सगळी नोकरी केल्यानंतर मी एवढं खात्रीने सांगते, की या सल्ल्याने बागायतदाराची उडालेली झोप परत येत नाही. सगळं चांगलं होईल, याची हमी कोणी द्यायची? आणि ते झालं नाही, तर त्या माणसाने पुढे कोणाकडे बघायचं?

आमच्या उपकेंद्रात आंब्याचा हंगाम आणि लोकांचा रक्तदाब यांचा मेळ मला दरवर्षी दिसायचा. थंडी पडून कलमं मोहोरली की माणसं खुशीत. मग तुडतुडा येतो, थ्रिप्स येतात, फवारणीवर फवारणी होते, औषधांच्या दुकानात उधारी चढते. थंडी लांबली तर पुन्हा मोहोर फुटतो आणि आधी धरलेली बारीक फळं गळून जातात. त्यातून वाचलेल्या आंब्यावर मार्च-एप्रिलचा पाऊस. या दिवसांत छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, रात्री दोनला जाग येते ती येतेच, अशा तक्रारी घेऊन पुरुष यायचे. बीपी मोजून घ्यायचे आणि बोलायचे पित्ताबद्दल. त्यांतल्या एकाचं बोलणं माझ्या कायमचं लक्षात राहिलं आहे: "असां होवकच नको होता, बाई. माझ्याच वांगडा कित्याक? आता सगळा सपला." (माझ्याच बाबतीत का, आता सगळं संपलं, असं त्याचं म्हणणं.)

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955 पासून जी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मांडली, तिचा गाभा या बोलण्यात सापडतो. घटना आणि तिचा मनाला होणारा त्रास यांच्यामध्ये आपला विचार असतो, असं त्यांचं सांगणं. पाऊस पडला, आंबा डागळला, ही घटना. तिचं दुःख होणारच. वर्षाची कमाई आहे ती. पण 'असं व्हायलाच नको होतं' हा आपण आभाळाशी धरलेला हट्ट आहे, आणि 'सगळं संपलं' म्हणताना एका हंगामाच्या हिशेबात आपण उरलेलं आयुष्यही धरून टाकतो. दुःखाची घबराट होते ती इथे.

अशा वेळी मी समोरच्याला बसवून प्रश्न विचारायची. पाऊस तुम्हाला नको होता, अगदी नको होता, हे कबूल. पण तुम्हाला नको म्हणून तो पडताच कामा नये, याला आधार काय? सगळं गेलं म्हणता, तर काय काय गेलं ते मोजूया. झाडावर किती राहिला? त्यातला वाशीला पेटी भरण्याजोगा किती, कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला, जाईल तो किती? कोणाचे पैसे आधी द्यायचे, कोण थांबेल? कागदावर हे लिहिताना नुकसान एका रुपयानेही कमी होत नसे. माणूस मात्र जागेवर यायचा. काळजी आणि घबराट यांत एलिस फरक करतात आणि मला तो फार मोलाचा वाटतो. काळजी असलेला बागायतदार पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे जातो, फळपीक विम्याचे कागद काढतो, भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते म्हणून त्या नोंदी मागतो. घाबरलेला बागायतदार अंथरुणात पडून मोबाइलवर ढगांचा नकाशा बघत राहतो.

रागाचंही तसंच. आपल्याकडे गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून, भावकीत पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद असतं, हे मी वाचकांना नव्याने सांगायला नको. चुलतभावाने गडगा हातभर आत सरकवला, तर चीड येणं रास्तच आहे. पण 'त्याने असं करताच कामा नये' आणि त्याच्या मागोमाग 'तो माणूसच नालायक' असं मनात घोळायला लागलं, की रक्त उसळतं आणि हात कोयत्याकडे जातो. एलिस यांचा आग्रह होता, की कृत्याला वाईट म्हणा, पण त्यावरून अख्ख्या माणसाचा निकाल लावू नका. गडगा सरकवणाऱ्या त्याच चुलतभावाने एके रात्री तुमच्या आईला गाडीत घालून ओरोसच्या रुग्णालयात नेलेलं असतं. ते आठवलं म्हणून जमीन सोडून द्यावी, असं मुळीच नाही. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा, हद्द कायम करून घ्यावी. डोकं ठिकाणावर असेल, तर मोजणीच्या दिवशी आपलं म्हणणं नीट मांडता येतं. शिवीगाळ सुरू झाली की मोजणी अडते आणि मग पुढची तारीख.

हे सगळं सांगितलं, की बायका मला हटकून विचारायच्या, "म्हणजे नर्सबाई, आमी सोसूचाच मा?" या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे, कारण इथे चूक झाली तर ही पद्धत बाईच्या गळ्याला फास होईल. नवरा दारू पिऊन हात उगारतो, ते वाईटच आहे आणि थांबलंच पाहिजे. विचार बदलायचा तो त्याच्या मारण्याबद्दलचा नाही. 'मी पोलिसांत गेले तर लोक काय म्हणतील, ते मला सहनच होणार नाही' हा जो विचार तिला उंबरठ्यावर अडवून ठेवतो, तो तपासायचा. लोक बोलतील, बोलतीलच. ते जड जाईल. पण रोजचा मार जिने सहन केला, तिला शेजारणीची कुजबुज सहन होणार नाही, याला पुरावा कुठे आहे? हा विचार पटला आणि मग माहेरी निरोप गेला, तक्रार लिहिली गेली, असं घडलेलं मी पाहिलं आहे. म्हणून या पद्धतीला सोसण्याचं शास्त्र म्हणणाऱ्यांशी मी कडाडून भांडते.

नुसता विचार पटून भागत नाही, कृतीही करावी लागते. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला फार घाबरत. एकोणिसाव्या वर्षी ते न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात रोज जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या मुलींशी मुद्दाम बोलू लागले. शंभरेक जणींशी बोलले, भेटायला एकही आली नाही, पण भीती गेली. आमच्या बचत गटातल्या बायकांना मी हा किस्सा ग्रामसभेच्या आदल्या दिवशी सांगायची.

ही पद्धत परक्यांची आहे, आपल्या गावात कशी चालेल, असं कोणी म्हणू नये. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती महाराष्ट्रात आणली आणि मराठीतून शिकवली. तिला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. वेळ देऊन ऐकणारा माणूस आणि धीराने विचारलेले प्रश्न लागतात.

तरीही एक गोष्ट ठामपणे सांगते. प्रत्येक दुखणं प्रश्न विचारून बरं होत नाही. 2021 च्या मे महिन्यातलं तौक्ते वादळ आणि त्याच वर्षी 22 जुलैला चिपळूणला आलेला पूर यांत ज्यांनी मरण डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्याशी 'तुमचा विचार तपासा' असं बोलणं निष्ठुरपणाचं आहे. झोप अजिबात लागत नसेल, जेवण तुटलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर डॉक्टरच हवेत. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 'वेड्यांचं इस्पितळ' म्हणत लोक तिथे जायचं टाळतात आणि दुखणं वाढवून बसतात. 2022 पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवाही सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फुकट बोलता येतं, मराठीतून बोलता येतं. आमच्या वाडीत हा क्रमांक माहीत असलेलं घर मला क्वचितच भेटलं.

म्हणून आपल्याला विनंती आहे. मोहोर फुटायच्या आधी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच, एखाद्या जाणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडून या विषयावर सोप्या मराठीत लेखमाला लिहून घ्यावी, आणि तीत उदाहरणं बागेतली, बंदरावरची, भावकीतली असावीत. कृषी मेळाव्यात कीड-रोगांवर दिवसभर भाषणं होतात; त्यांत अर्धा तास यासाठी ठेवावा, असं कृषी विभागालाही आपल्यामार्फत सुचवते. आणि हवामानाचा इशारा छापाल, तेव्हा त्याच चौकटीत 14416 हा आकडा ठळक छापावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग