‘तयारी आहे का?’ एवढे विचारून भागणार नाही

संपादक महोदय,

‘ऑनलाइन अध्यापन स्वीकारायला आपण तयार आहात का?’ असा प्रश्न आणि खाली ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच पर्याय, अशा प्रश्नावल्या महाविद्यालयांतून सतत फिरत असतात. ‘सहमत’वर खूण करायला काही लागत नाही. पुढे वर्षभरात गूगल क्लासरूमवर दोन पीडीएफ चढतात आणि निष्कर्ष निघतो की प्राध्यापकांची मानसिकता बदललेली नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण प्रश्नच अपुरा आहे.

या प्रश्नावल्यांच्या मुळाशी बहुधा फ्रेड डेव्हिस यांचे १९८९ चे प्रारूप असते. एखादे तंत्रज्ञान उपयोगाचे वाटले आणि सोपे वाटले की माणूस ते स्वीकारतो, असे ते सांगते. पुढे २००३ मध्ये व्यंकटेश आणि सहकाऱ्यांनी ते विस्तारले. त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट आपल्याकडे नेहमी सुटते. फायद्याची अपेक्षा, लागणारे श्रम आणि भोवतालच्यांची अपेक्षा या तिन्हींचा परिणाम ‘इच्छे’वर होतो. सोयीसुविधांचा परिणाम मात्र थेट ‘वापरा’वर होतो. म्हणजे इच्छा असूनही काम होत नसेल, तर आधी सोयी तपासायच्या. यातली पहिली सोय म्हणजे वेळ, आणि तिचा हिशेब कोणी मांडत नाही. तो इथे मांडतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र अध्यापनाचा जो मसुदा काढला, त्यात प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवावा असे सुचवले होते. दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) सैद्धांतिक विषय म्हणजे ३० तास. त्याचे ४० टक्के म्हणजे १२ तास, आपल्या ४८ मिनिटांच्या हिशेबाने १५ तासिका. यातला एक तृतीयांश भाग ध्वनिचित्रित ठेवला आणि बाकीचा चर्चा, स्वाध्याय व शंकानिरसनाला दिला, तर चार तासांचे व्हिडिओ लागतात. दहा मिनिटांचा एक धरला तर चोवीस.

दहा मिनिटांच्या व्हिडिओला साधारण ११०० शब्दांची संहिता लागते, म्हणजे जवळजवळ या पत्राएवढा मजकूर. वर्गात पंचवीस वर्षे हातात कागद न धरता शिकवणाऱ्यालाही ती लिहावी लागते. वर्गात चुकलेले वाक्य पुढच्या वाक्यात सावरता येते, ध्वनिमुद्रणात ते तसेच राहते. संहितेला दोन-अडीच तास, स्लाइड किंवा आकृत्यांना एक तास, दोनदा चित्रीकरण धरून पाऊण तास, काटछाट आणि अपलोडला एक तास, सोबतच्या पाच प्रश्नांना आणि त्यांच्या चुकीच्या पर्यायांवरच्या खुलाशांना एक तास. सरासरी सहा तास धरले तर चोवीस व्हिडिओंचे १४४ तास होतात. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. म्हणजे एका लहानशा विषयासाठी नऊ आठवड्यांच्या अध्यापनाएवढे काम वर पडते. ते वर्कलोडच्या तक्त्यात कुठेच बसत नाही, कारण तो तक्ता वेळापत्रकातल्या तासिका मोजतो. ते रात्री घरी बसून करायचे, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

मोबदला गुणांत मिळतो, हे खरे. २०१८ च्या विनियमांत चार भागांतला (व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन) पूर्ण ‘मूक’ (MOOC, म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन) अभ्यासक्रम, चार श्रेयांकांचा असेल तर, २० गुणांचा आहे आणि ई-कंटेंटच्या एका घटकाला ५ गुण आहेत. पण हे गुण बढतीच्या वेळी कामाला येतात आणि बढती असते कायम नोकरीत. तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला त्यांचा उपयोग नाही. सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवताना पदव्या, नेट-सेट, शोधनिबंध, अनुभव आणि पुरस्कार धरले जातात. तिथे ई-कंटेंटचा रकाना नाही. आज कितीतरी महाविद्यालयांचे वर्ग हेच अध्यापक चालवतात, आणि त्यांना चित्रीकरणाचे दाम मिळत नाही, घेतलेल्या तासिकेचे मिळते.

त्यांची धास्ती याहून खोल आहे. एकदा व्हिडिओ देऊन टाकले की पुढच्या वर्षी मला कशाला बोलावतील? कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या करारात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. अशा स्थितीत माणूस हातचे राखून काम करतो. त्याला तंत्रज्ञानाचे वावडे म्हणणे अन्यायाचे आहे.

आता प्रत्यक्ष चुकते कुठे ते पाहू. सर्वांत मोठी चूक म्हणजे वर्गातली तासिका जशीच्या तशी झूम किंवा मीटवर नेणे. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांनी तुटते, आपली तासिका ४८ मिनिटांची. जोडण्यात पहिली पाच-सात मिनिटे जातात. सेकंदाला एक मेगाबिट या हिशेबाने ४८ मिनिटांच्या व्हिडिओला ३६० एमबी डेटा लागतो, चार तासिकांना १४४० एमबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये विद्यार्थ्याकडे त्यानंतर काहीच उरत नाही. नंदुरबारमधल्या धडगावला किंवा गडचिरोलीतल्या भामरागडला तर सलग ४८ मिनिटे रेंज मिळेल असे धरूनच चालता येत नाही. उलट दहा मिनिटांचा व्हिडिओ सेकंदाला ५०० किलोबिटवर काढला तर ३८ एमबीच्या आत बसतो आणि गावात रेंज येईल तिथे उभे राहून उतरवून घेता येतो. नुसता आवाज ६४ किलोबिटवर ठेवला तर पूर्ण तासिका २३ एमबीत मावते. भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या कितीतरी तासिकांना एवढे पुरते, सोबत दोन पानांची टिपणे दिली की झाले.

लांबीबद्दल एक आकडा उपयोगी आहे. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख सत्रांच्या २०१४ च्या अभ्यासात व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या वर गेला नाही. हाताने लिहीत-काढत समजावलेले व्हिडिओ नुसत्या स्लाइडपेक्षा जास्त पाहिले गेले. आपल्या अध्यापकांना ही गोष्ट सोयीची आहे. खडू-फळ्याची सवय असलेल्याने स्लाइडच्या मागे लागू नये. फोन पुस्तकांच्या दोन चळतींवर फळी टाकून कागदाच्या बरोबर वर, लेन्स खाली करून ठेवावा, जाड मार्करने लिहावे आणि अक्षरे निदान बोटाच्या पेराएवढी काढावीत. लेखाशास्त्रातली नोंद, संख्याशास्त्रातले गणित, रसायनातली अभिक्रिया याच पद्धतीने उत्तम जमते. प्रयोगशाळेतले अनुमापन (टायट्रेशन) मात्र नाही. शेवटच्या थेंबाला थांबायचे ते हातालाच शिकावे लागते.

चित्र धूसर असेल तर विद्यार्थी चालवून घेतो, आवाज घुमला तर बंद करतो. रिकाम्या वर्गखोलीत चित्रीकरण करू नये, चारी भिंतींवरून आवाज परततो. पुस्तकांची कपाटे असलेली लहान खोली, पंखा बंद, कॉलरचा माइक तोंडापासून वीतभर खाली. महाविद्यालये मोठे डिजिटल फळे घेतात आणि हा साधा माइक घेत नाहीत, हे मला मुळीच पटत नाही.

मराठी माध्यमाच्या अध्यापकांची आणखी एक अडचण चर्चेत कधी येत नाही. वर्षानुवर्षांची टिपणे आणि प्रश्नपेढ्या श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. तो मजकूर गूगल फॉर्ममध्ये चिकटवला की निरर्थक खुणा उमटतात. परिवर्तक वापरून तो युनिकोडमध्ये आणता येतो, पण रफार, जोडाक्षरे आणि आकडे हाताने तपासावेच लागतात. शंभर प्रश्न तपासायला एक दिवस सहज जातो. या कामाला लिपिक द्यावा. ते विषयतज्ज्ञाचे काम नाही.

प्रशिक्षणाचेही तसेच. दोनशे जणांना एका दिवसात बटणे दाखवून ई-प्रमाणपत्र दिल्याने कोणी शिकवायला लागत नाही. आयआयटी मुंबईच्या अध्यापक-प्रशिक्षणात व्हिडिओच्या मध्येच थांबवून विद्यार्थ्याला विचार करायला लावणारी जागा ठेवायला शिकवतात. हे कौशल्य बटणांचे नाही, अध्यापनाचे आहे, आणि ते करूनच येते. एकाच विषयाच्या दोघांची जोडी करावी आणि एकच घटक निवडावा. पहिल्या आठवड्यात संहिता, दुसऱ्यात एक व्हिडिओ, तिसऱ्यात प्रश्न, चौथ्यात विद्यार्थ्यांची उत्तरे घेऊन बसावे. कोणता प्रश्न निम्म्या वर्गाचा चुकला, हे एकदा डोळ्यांनी दिसले की ‘उपयोगाचे वाटणे’ आपोआप घडते. ते परिपत्रकाने घडत नाही.

म्हणून पुढची प्रश्नावली काढण्यापूर्वी विद्यापीठांनी दोन गोष्टी कराव्यात. जूनच्या वेळापत्रकात ऑनलाइन साहित्य तयार करणाऱ्या अध्यापकाच्या नावावर आठवड्याला चार तास ‘निर्मिती’ म्हणून लावावेत आणि ते वर्कलोडमध्ये धरावेत. वर्षाच्या ३० आठवड्यांत त्यांचे १२० तास होतात, वरचे १४४ तास त्यात बऱ्याच अंशी बसतात. आणि चित्रीकरणापूर्वी एक पानी करार करावा: व्हिडिओ किती वर्षे वापरणार, कर्त्याचे नाव कुठे येणार, दुरुस्तीचा हक्क कोणाचा, आणि तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला प्रत्येक व्हिडिओमागे किती तासिकांचे मानधन. मग विचारावे, तयारी आहे का.

– अध्यापक-प्रशिक्षणात काम करणारा एक वाचक, नाशिक